वाणात गेलेला प्रयोग

आमच्या गल्लीत मरायला टेकलेली झाडं वाण म्हणून लुटणारी मी एकटीच बाई आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका प्लॅस्टिकचे डबे देतात, गाळण्या देतात, एखादी हौशी असेल तर स्टीलची वाटी देते. मी एकीला मान टाकलेलं रोप दिलं, दुसरीला गळा आवळलेलं आणि तिसरीला कावीळ झालेलं. आणि वर हसून म्हणाले, "गोड मानून घ्या हो!"

हे का झालं, ते सांगायचं तर आधी माझ्या मुलीच्या ज्वालामुखीपासून सुरुवात करावी लागेल.

रेणू सहावीत आहे. पहिलीपासून तिच्या शाळेचे सगळे प्रकल्प मी केले. ज्वालामुखी मी पेटवला, पाण्याचं चक्र मी फिरवलं, सूर्यमालेतल्या शनीच्या कड्यासाठी माझी बांगडी कापली. पोरगी फक्त शेजारी उभी राहायची. गेल्या वर्षी परीक्षकांनी तिला विचारलं, "बाळ, लाव्हा लाल का असतो?" तर ही म्हणाली, "मम्मीला विचारून सांगते." सगळा हॉल हसला. ती घरी येऊन माझ्याशी संध्याकाळभर बोलली नाही.

म्हणून यावर्षी विज्ञान प्रदर्शनाचा विषय कळला तेव्हाच तिने मला बजावलं, "वनस्पतीचे अवयव आणि त्यांची कामे! हा प्रकल्प माझा आहे. तू हात लावायचा नाही."

"अगं पण थर्मोकोल तरी कापून..."

"थर्मोकोल नाहीच आहे, मम्मी! जिवंत झाडं आहेत."

तिने मातीच्या कुल्हडांमध्ये चवळी पेरली. चार रोपं चांगली हातभर झाली. मग तिने मला तिचा प्रयोग समजावून सांगितला. (लांबून. मला जवळ येऊ दिलं नाही.) तिचं म्हणणं असं, की झाडाचा कोणता अवयव काय काम करतो हे बघायचं असेल तर ते काम बंद पाडून बघायचं. (हे तत्त्व आमच्या ऑफिसात फार आधीपासून वापरतात.) मूळ पाणी घेतं ना? मग एका रोपाला पाणीच द्यायचं नाही. खोड पाणी वर नेतं आणि पानांतलं अन्न खाली आणतं ना? मग दुसऱ्याच्या खोडाला करकचून दोरा बांधायचा. पान उन्हात अन्न तयार करतं ना? मग तिसरं रोप कपाटात कोंडायचं. आणि चौथ्याला ऊन, पाणी, सगळं व्यवस्थित द्यायचं. त्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची.

प्रत्येक कुल्हडाखाली तिने एक चिठ्ठी ठेवली होती आणि रोज सकाळी पट्टी घेऊन ती उंची मोजायची. मी खरंच हात लावला नाही. अगदी हळदीकुंकवाच्या दिवसापर्यंत.

हळदीकुंकू माझं मी एका संध्याकाळीच उरकते. रथसप्तमीपर्यंत रोज चार बायकांना बोलावून रोज चहा कोण करत बसणार? गल्ली एकदम बोलवायची, वाण लुटायचं, मोकळं व्हायचं. यावर्षी मी ठरवलं होतं की प्लॅस्टिक नको, तुळशीची रोपं द्यायची. कुल्हड स्वस्तात मिळाले म्हणून रेणूचे आणि माझे एकदमच आणलेले. म्हणजे दिसायला सगळे सारखे. इथेच खरं तर मला समजायला हवं होतं, पण मी त्या दिवशी घर आवरत होते.

आणि मी आवरायला घेतलं, की आवरते! रेणूच्या कपाटात कपडे नीट लावायला गेले तर आत कुल्हड! कपाटात माती! पलंगाखाली दुसरा. टेबलावर तिसरा, कोरडा ठणठणीत. मी सगळे उचलून एका ताटात घातले आणि मागच्या ओट्यावर ठेवून दिले. खालून कसल्याशा कागदाच्या चिंध्या निघाल्या, त्या केरात टाकल्या. खिडकीतलं चौथं रोप मात्र हिरवंगार दिसत होतं. पाहुण्यांसमोर शोभेल म्हणून तिथेच राहू दिलं.

तुळशी कमी पडणार हे मला संध्याकाळी कळलं. शेजारच्या इंगळेवहिनी आपल्याबरोबर दोन नणंदा आणि एक मावससासू घेऊन आल्या! समोर बायका बसलेल्या, तिळगूळ देऊन झालेला, आणि तीन वाणं कमी. मी मागे गेले. ओट्यावर ताट दिसलं. कुल्हडात झाडं होती. ते ताट दुपारी मीच तिथे ठेवलं होतं, हे त्या घाईत डोक्यातून पार गेलेलं; मी म्हटलं, नर्सरीवाल्याने जरा कमजोर रोपं मागे लपवून दिलेली दिसतात. उचललं ताट आणि आले.

पहिलं रोप गेलं जाधवकाकूंकडे. काकू सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर.

"ह्याने तर मान टाकली ना वो!"

"दमलं असेल काकू. नर्सरीतून आलंय ना, प्रवासाचं."

दुसरं संध्याला. ही लग्न होऊन नाशिकहून नवीनच आलेली. तिने ते पिवळं, लांबलचक, काडीसारखं रोप हातात धरून सगळ्या बाजूंनी बघितलं.

"काकू, ही तुळस एवढी उंच कशी?"

"संकरित आहे," मी म्हणाले. (हे मला कुठून सुचलं, देव जाणे. बहुतेक कृषी खात्यात कारकुनी केल्याचा परिणाम.)

तिसरं इंगळेवहिनींना. त्यांनी रोप घेतलं. खोडाला बांधलेल्या काळ्या दोऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि काहीच न बोलता उठल्या. इंगळेवहिनी काहीच बोलल्या नाहीत, हे मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच घडत होतं!

बायका गेल्या, मी पाय पसरून बसले, आणि शिकवणीहून रेणू आली. आत गेली. बाहेर आली.

"मम्मी, माझं कपाट कोणी उघडलं?"

मी तिच्याकडे पाहिलं, मागच्या ओट्याकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि मग कुठे मला कळलं, की मी काय लुटलं ते.

रेणू रडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीतलं उरलेलं रोप मांडीवर घेऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "सोमवारी प्रदर्शन आहे. परत पेरलं तर उगवणार पण नाही तोवर. मी सरांना काय सांगू? वाणात गेलं?"

"मी आत्ता जाते आणि घेऊन येते," मी पदर खोचला.

"कुठी चालली?" सासूबाईंनी आतून विचारलं. त्या संग्रामपूरकडच्या. आवाज चढवत नाहीत, पण दार अडवतात. "लुटलेलं वाण वापस मागून राह्यली का? आपल्या खानदानात असं कोणी केलं नाई. वाण म्हंजे वाण. गेलं थे गेलं."

"आई, पोरीचा प्रयोग आहे तो!"

"मंग पोरीचा प्रयोग तिलेच का नाई इचारला?"

यावर आमचे हे पेपराआडून हळूच म्हणाले, "पॉइंट आहे." मी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी पान उलटलं.

शेवटी असं ठरलं, की मागायचं नाही, पण जाऊन बघायला हरकत नाही. वाणाची खुशाली विचारायला कोणी जातं का? जात नाही. आम्ही गेलो. शुक्रवारी संध्याकाळी मी आणि रेणू जाधवकाकूंच्या दारात.

काकूंनी पलंगाशेजारच्या स्टुलावर रोप ठेवलं होतं. वर सलाईनची जुनी बाटली उलटी टांगलेली, तिच्या नळीतून कुल्हडात थेंब थेंब पाणी चाललं होतं! रोप ताठ उभं. पानं अशी तकतकीत, की जणू डिस्चार्जची वाट बघत होतं.

"आणलं तवा पार गेलेलं होतं," काकू मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. "राती उठून उठून पाह्यलं म्या त्याले. सकाळी मान उचलली पठ्ठ्यानं!"

रेणूचा चेहरा उतरला. "आजी, त्याला पाणी द्यायचंच नव्हतं हो! पाणी दिलं नाही तर मूळ काय करेल, ते बघायचं होतं मला."

"अवं बाप्पा! लेकराले उपाशी ठेवून पाह्यतात का कोणी? मूळ काय करणार? मूळ वाट पाह्यते पाण्याची! तोंड उघडून बसते बिचारं. हे पाह्य, पाणी भेटलं की कसं वर ढकललं त्यानं." मग माझ्याकडे वळून, "आन् तू वो? पोरगी लहान आहे, तुले तरी कळाले पाह्यजे!"

ते रोप परत मागायची माझी छाती झाली नाही. बरा झालेला पेशंट कोणी नर्सकडून परत मागतं का, आणि तेही पुन्हा आजारी पाडायला?

इंगळेवहिनींकडे गेलो तर रोप घरात नव्हतंच. फाटकाच्या बाहेर, विजेच्या खांबाला टेकवून ठेवलेलं, आणि कुल्हडाला लिंबू-मिरची बांधलेली!

मी बेल वाजवली. वहिनी दारात उभ्या राहिल्या. या म्हणाल्या नाहीत.

"वहिनी, ते वाण बाहेर का..."

"तुमीच सांगा आता!" दोन दिवस तुंबलेलं बोलणं एकदम सुटलं. "माह्यं तुमचं काही वाकडं आहे का? माह्या म्हशीनं तुमची कढीपत्त्याची फांदी खाल्ली थे मले माहीत आहे. मी माफी मागतली होती. मंग मनात ठेवून काळा दोरा बांधून काऊन दिलं वो मले? हळदीकुंकवाच्या दिवशी! माह्या नणंदांसमोर! नणंद म्हणे, वहिनी, ह्याच्यात काहीतरी केलेलं आहे."

"वहिनी! अहो देवाशपथ!"

पुढचं बोलली ती रेणू. खांबापाशी उकिडवी बसली, रोप उचललं आणि म्हणाली, "काकू, तो दोरा मी बांधला. नजरेचा नाही. हे बघा, खोडात दोन वाटा असतात. एकीतून मुळांनी घेतलेलं पाणी वर जातं. दुसरीतून पानांनी बनवलेलं अन्न खाली मुळांकडे येतं. दोरा घट्ट बांधला की अन्न खाली येत नाही, इथेच अडतं. बघा, दोऱ्याच्या वर फुगलंय ना?"

वहिनी वाकल्या. नणंदाही दारातून बाहेर आल्या. सगळ्यांनी ती फुगलेली जागा बघितली.

"म्हंजे ह्याच्या मुळापर्यंत जेवणच नाई पोचून राह्यलं?"

"नाही ना!"

"आन् तू थे पाहून राह्यली होती? काय पोरगी आहे!" असं म्हणून वहिनींनी कमरेच्या चाव्यांमधली छोटी सुरी काढली आणि आम्ही "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत दोरा कापला! "घे! आता खाईन पोटभर."

त्यांच्या मनातलं किल्मिष गेलं याचा आनंद मानावा, की उरलासुरला प्रयोगही गेला याचं दुःख करावं, हे मला ठरवता आलं नाही. शिवाय वहिनींनी आता रोप घरात नेलं, देवाजवळ ठेवलं आणि वरून मलाच चहा पाजला.

संध्याकडे आम्हाला जावंच लागलं नाही. तिने गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली होती. 'काकूंनी दिलेली संकरित तुळस, पहिला दिवस.' पिवळीधमक. 'उन्हात ठेवल्यावर.' जराशी हिरवी. 'आज सकाळी.' चांगलीच हिरवी! खाली सगळ्यांचे अंगठे, फुलं आणि जोडलेले हात. एकीने विचारलं होतं, "ही तुळस कोणत्या नर्सरीत मिळते?" आमच्या यांनी उत्तर दिलं होतं, "आमच्याकडे कपाटात तयार होते." (या माणसाला ग्रुपमध्ये कोणी घेतलं?)

रेणू फोन परत देत म्हणाली, "सगळी बरी झाली, मम्मी. आता आजारी झाडंच नाहीत माझ्याकडे. मी काय दाखवू?"

कुठल्याच आईला असं वाक्य ऐकून घ्यावं लागलं नसेल.

तेव्हा सासूबाई मूग निवडता निवडता म्हणाल्या, "वाण आणता येत नाई. पण वाण नेलेली बाई तं आणता येते ना? तिले म्हणा, झाड घेऊन शाळेत ये. झाड तिचंच. पोरीनं नुसतं दाखवायचं. अन् आजारी होतं, बरं झालं, हे बी सांगायचं. लपवायचं काऊन?"

रेणू ताडकन उठली. मग तिने नवीन कोरे कागद काढले आणि लिहायला बसली. जाधवकाकूंना विचारून आली, पाणी किती वाजता दिलं, मान किती वेळाने उचलली. संध्याचे फोटो क्रमाने लावून घेतले. मी लांबूनच बघत होते. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. एवढं नुकसान आपण केलं, तर निदान घरी राहिलेलं चौथं रोप तरी असं झालं पाहिजे, की परीक्षक बघतच राहिले पाहिजेत!

आता, मी कृषी खात्यात आहे. कोणत्या पिकाला किती खत, याची पत्रकं सगळ्या तालुक्यांना माझ्या हातून जातात. (जातात म्हणजे मी ती पाकिटात घालते. वाचायला वेळ कुणाला असतो?) उंद्रीला माझ्या दिरांची शेती आहे, तिथून आणलेला युरिया बरणीत होता. मी म्हटलं, चमचाभर देऊ. मग म्हटलं, चमचाभराने काय होतंय? वरून पाणी घातलं आणि रोप खिडकीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा जरा करपल्यासारख्या दिसल्या. मी म्हटलं, भूक लागली असेल. अजून एक चमचा दिला.

सोमवारी सकाळी खिडकीत कुल्हड होता आणि कुल्हडात एक तपकिरी काडी होती.

मी काही बोलायच्या आत रेणूने ते बघितलं. कुल्हडातल्या मातीवरचे पांढरे दाणे बोटाने उचलून बघितले. माझ्याकडे बघितलं. मी बरणीकडे बघितलं. तिने कुल्हड पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "उशीर होतोय. चल."

शाळेत आमची वरात बघण्यासारखी होती. जाधवकाकू रोप काखेत घेऊन, सलाईनच्या बाटलीसकट. इंगळेवहिनी नवी साडी नेसून, सोबत दोन्ही नणंदा. संध्या फोन उगारून. बाकीच्या मुलांच्या टेबलांवर थर्मोकोलची झाडं होती आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया उभ्या होत्या. रेणूच्या टेबलामागे अख्खी गल्ली!

परीक्षक आले. चष्मा लावलेले, कंटाळलेले. रेणूने सुरुवातीची दोन वाक्यं कागदात बघून वाचली. मग ती जाधवकाकूंच्या रोपाकडे वळली आणि सुरूच झाली. मूळ काय करतं, पाणी बंद केलं तेव्हा काय झालं, सुरू केल्यावर किती वेळात उठलं. काकूंना राहवलं नाही.

"मीच वाचवलं, सर!"

"दोरा मी कापला," वहिनी म्हणाल्या. "खोडात दोन रस्ते असतात सर, तुमाले माहीत आहे का?"

"आणि पान अंधारात असताना असं होतं, हे बघा," संध्याने फोन सरांच्या नाकासमोर धरला. "ऊन मिळाल्यावर असं. हिरव्या रंगाशिवाय पानाला स्वयंपाकच करता येत नाही सर!"

सरांचा कंटाळा कुठल्या कुठे गेला. ते हसत होते, प्रश्नांवर प्रश्न विचारत होते आणि रेणू एकेकाचं उत्तर देत होती. एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही तिने. मी खांबाआड उभी राहून पदर तोंडावर धरला होता. (सर्दी होती.)

मग सरांनी शेवटच्या कुल्हडातल्या काडीकडे बोट दाखवलं. "आणि याला काय कमी केलं होतं?"

"याला काहीच कमी केलं नव्हतं सर," रेणू शांतपणे म्हणाली. "जास्त झालं. मातीत खत खूप झालं, की मुळांना पाणी ओढता येत नाही. उलट मुळांतलंच पाणी बाहेर जातं. समोर पाणी असून झाड तहानेनं मरतं. मुळाचं काम सगळ्यात चांगलं यातच दिसतं सर."

"वा! हे कोणाच्या डोक्यातून आलं?"

मी खांबाच्या आणखी आड सरकले. 

"हा भाग मम्मीने केला," ती म्हणाली.

प्रकल्प पुढच्या फेरीसाठी निवडला गेला. काकूंनी, वहिनींनी आणि संध्याने आपापली झाडं परत घरी नेली. ती आता तिथे शेंगा धरायच्या बेतात आहेत. पुढच्या फेरीसाठी रेणूने चवळी नव्याने पेरली आहे. यावेळी कपाटाला कुलूप आहे आणि बाकीच्या कुल्हडांच्या जवळपास मला फिरकू दिलं जात नाही. फक्त एक कुल्हड तिने स्वतः आणून माझ्या हातात दिला. रोप इतकं छान, हिरवं, टवटवीत!

"मम्मी," ती म्हणाली, "याच्याकडे काही मी बघणार नाही. हे तू सांभाळ."

मी मनापासून सांभाळते आहे. पानांच्या कडा कालपासून करपायला लागल्या आहेत.